केसपेपरवरचं ‘एक्सएसटी निगेटिव्ह’ पुरेसं नाही: डॉक्टर आणि दंतवैद्य संघटनांना खुलं पत्र

प्रति,
राज्यातील डॉक्टरांच्या व दंतवैद्यांच्या संघटनांचे पदाधिकारी आणि सभासद यांस,

सप्रेम नमस्कार.

मी जिल्ह्याच्या गावात भूलतज्ज्ञ म्हणून काम करते. सकाळी एकीकडे सिझर, दुपारी दुसरीकडे हर्निया, रात्री तिसरीकडे मोडलेला हात, असा आमचा फिरता धंदा. मला बोलावलेल्या केसची जबाबदारी माझी, त्यामुळे त्याबद्दल पत्र लिहायचं कारण नाही. हे पत्र आहे ते कुठल्याच भूलतज्ज्ञाला बोलावलं जात नाही अशा कामांबद्दल. गळू फोडणं, चरबीची गाठ काढणं, नखुरडं, कपाळावरचे टाके, अक्कलदाढ, सुंता. ‘छोटंसं काम आहे, जागा बधिर करून उरकून टाकू.’ या सगळ्यांत बधिर करायला वापरलं जाणारं औषध बहुतेक वेळा एकच असतं: लिग्नोकेन, म्हणजे आपल्या सगळ्यांच्या तोंडी बसलेलं झायलोकेन. देशाच्या आवश्यक औषधांच्या यादीत ते आहे आणि असायलाच हवं. नीट वापरलं तर इतकं गुणी औषध क्वचितच सापडेल.

अशा केसचा पेपर उघडला की ऑर्डर ठरलेली असते: इंजेक्शन टीटी, इंजेक्शन एक्सएसटी. एक्सएसटी म्हणजे झायलोकेनची सेन्सिटिव्हिटी टेस्ट. हाताच्या आतल्या बाजूला, मनगटापासून चार बोटं वर, इन्सुलिनच्या सिरिंजने बारीकसा फुगा उठवायचा. त्याभोवती बॉलपेनने गोल काढून शेजारी वेळ लिहायची. पंधरा-वीस मिनिटांनी सिस्टर परत येते आणि विचारते, ‘खाज सुटली का हो? चक्कर वगैरे?’ पेशंट नाही म्हणतो. केसपेपरवर ‘एक्सएसटी निगेटिव्ह’ चढतं आणि तिथून पुढे या औषधाचा विचार कोणी करत नाही. त्याच केसपेपरवर वजनाचा रकाना असतो. तो बहुतेक वेळा कोरा असतो.

मला म्हणायचं आहे ते एवढंच. जी भीती जवळजवळ नसतेच तिच्यासाठी आपण टेस्ट करतो, आणि ज्या गोष्टीने माणूस खरोखर दगावू शकतो ती मोजतसुद्धा नाही.

ही टेस्ट आली कुठून हे पाहिलं तर तिच्यामागचं कारण कळतं. 1884 साली व्हिएन्नात कार्ल कोलर यांनी डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी कोकेन वापरलं. पुढे 1905 च्या सुमारास प्रोकेन आलं. ही दोन्ही औषधं एस्टर या रासायनिक गटातली. प्रोकेन शरीरात मोडताना पॅरा-अमायनोबेन्झोइक आम्ल तयार होतं आणि त्याची ॲलर्जी येणारी माणसं खरोखर असतात. लिग्नोकेन वेगळ्या गटातलं, अमाइड गटातलं. स्वीडनमध्ये निल्स लॉफग्रेन यांनी ते 1943 मध्ये तयार केलं आणि 1948 मध्ये ते बाजारात आलं. त्यात ही भानगड नाही. तरी प्रोकेनची धास्ती आणि पेनिसिलिनच्या टेस्टची सवय, दोन्ही लिग्नोकेनच्या मागे लागल्या त्या लागल्याच. बधिर करण्याच्या औषधांनी झालेल्या म्हणून ज्या ‘रिॲक्शन’ नोंदवल्या जातात, त्यांतल्या शंभरात एकसुद्धा खरी ॲलर्जी निघत नाही, असं पाठ्यपुस्तकं वर्षानुवर्षं सांगत आली आहेत. सरसकट प्रत्येक पेशंटची टेस्ट करा असं त्यांपैकी एकही सांगत नाही.

मग ‘मला झायलोकेन चालत नाही’ म्हणणारे पेशंट येतात त्यांचं काय? येतात, आणि फायलीवर लाल शाईने लिहून आणतात. त्यांना शांतपणे विचारावं, नक्की काय झालं होतं? बहुतेकांची हकिकत तीनपैकी एक असते. पहिली: सुई पाहिली, घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली, आडवं केल्यावर दोन मिनिटांत बरं वाटलं. ही भोवळ. नाडी मंद होते, ॲलर्जीचा इथे संबंध नाही. दुसरी: इंजेक्शन देताच छातीत धडधड, हातापायांना कंप, जीव घाबरा. हे बधिरपणा जास्त वेळ टिकावा म्हणून औषधात कधी कधी घालतात त्या ॲड्रेनलिनचं काम, बहुधा थोडं औषध शिरेत गेल्यामुळे. तिसरी, सगळ्यांत कमी वेळा ऐकू येणारी: अंगावर गांधी उठल्या, ओठ-पापण्या सुजल्या, श्वासाला घरघर लागली. ही मात्र ॲलर्जी समजूनच चालावं. तिथेही अनेकदा दोषी असतो तो मोठ्या वायलमध्ये, म्हणजे औषधाच्या बाटलीत, टिकण्यासाठी घातलेला मिथाइलपॅराबेन किंवा ॲड्रेनलिनबरोबर येणारा सल्फाइट. अशा पेशंटला ॲलर्जीच्या तज्ज्ञाकडे पाठवावं, प्रिझर्व्हेटिव्ह नसलेल्या औषधाने टप्प्याटप्प्याने तपासणी होऊ द्यावी. टेस्टची खरी जागा ही आहे. सरसकट केलेल्या टेस्टने उलटाच प्रकार होतो. सुईनेच लाल झालेल्या कातडीला कोणीतरी ‘पॉझिटिव्ह’ म्हणतं आणि त्या माणसाच्या कपाळी जन्मभराचा शिक्का बसतो. मग साधी दाढ काढायलाही त्याला पूर्ण भुलीसाठी माझ्याकडे पाठवतात. माझा धंदा होतो, पण त्याची गरज नव्हती.

आता खऱ्या भीतीकडे येते. लिग्नोकेन नसेभोवती राहिलं तर जागा बधिर करतं. तेच रक्तात जास्त झालं तर मेंदू आणि हृदय बधिर करायला लागतं. ही ॲलर्जी नव्हे, मात्रेचं विष. हातावरच्या थेंबभर फुग्याला ते कळणं शक्यच नाही, कारण तिथे काही मिलीग्रॅमचासुद्धा प्रश्न नसतो. टेस्ट शंभर टक्के निगेटिव्ह आलेल्या माणसालासुद्धा जास्त मात्रेने झटका येऊ शकतो.

हिशोब काही अवघड नाही, तरी तो ओटीत मोठ्याने म्हटलेला मी फार क्वचित ऐकला आहे. एक टक्का म्हणजे मिलीला 10 मिलीग्रॅम, दोन टक्के म्हणजे 20. साध्या लिग्नोकेनची मर्यादा किलोमागे 4.5 मिलीग्रॅम आणि एकूण 300. ॲड्रेनलिनसह किलोमागे 7 आणि एकूण 500. आपल्याकडची बाई धरू, पन्नास किलोची. साधं दोन टक्क्यांचं औषध तिला सव्वाअकरा मिलीच्या वर देता येत नाही, ॲड्रेनलिनवालं साडेसतरा मिलीच्या वर नाही. आता ट्रेमधली ती 30 मिलीची वायल उचलून बघा. दोन टक्क्यांची असेल तर तिच्यात 600 मिलीग्रॅम आहे. म्हणजे पहिलवान गडी असला तरी अख्खी वायल कोणालाही द्यायची नाही. तरी पाठीवरच्या दोन-तीन गाठी एकाच बैठकीत काढताना, ‘दुखतंय’ म्हटलं की अजून पाच, अजून पाच, करत वायल तळाला जाते. किती गेलं असं विचारलं तर उत्तर येतं, ‘थोडंच राहिलंय.’

मोठी जागा असेल तर औषध पातळ करावं. एक टक्क्याने, कित्येकदा अर्ध्या टक्क्यानेसुद्धा कातडी छान बधिर होते, फक्त चार-पाच मिनिटं थांबावं लागतं. आपण थांबत नाही, ही खरी अडचण आहे. म्हातारं माणूस, लिव्हर खराब असलेलं, हृदय कमजोर असलेलं, यांच्या शरीरातून औषध सावकाश बाहेर पडतं, तेव्हा त्यांची मर्यादा आणखी खाली धरायची. एकाच वेळी दोन औषधं वापरली, समजा तासन्‌तास टिकावं म्हणून ब्युपिव्हाकेनही टोचलं, तर दोघांचा कोटा वेगवेगळा मिळत नाही. विषाची बेरीज एकच होते. घशात मारलेला स्प्रे याच बेरजेत धरायचा. दहा टक्क्यांच्या स्प्रेच्या एका फवाऱ्यात 10 मिलीग्रॅम असतं. लघवीच्या नळीसाठीची जेलीही त्यातच.

दंतवैद्य मित्रांना थोडं वेगळं सांगायचं आहे, कारण तुमच्या खुर्चीवर लहान मुलं बसतात. अमेरिकेतली बालदंतवैद्यांची संघटना मुलांसाठी लिग्नोकेनची मर्यादा किलोमागे 4.4 मिलीग्रॅम धरते, ॲड्रेनलिन असो वा नसो. पंधरा किलोच्या, म्हणजे साधारण चार वर्षांच्या पोराला 66 मिलीग्रॅम. दोन टक्क्यांचं 3.3 मिली. तुमच्या 2 मिलीच्या दोन सिरिंज पूर्ण भरल्या की मर्यादा ओलांडली गेलीच. पोराच्या दोन्ही बाजूंच्या दाढा किडल्या आहेत, ते लांबून एसटीने आलंय, आईची मजुरी बुडालीय, म्हणून एकाच दिवशी चारी कोपरे उरकायचा मोह होतो. तो मोह मला पूर्ण समजतो. तरी वजनकाट्यावर उभं करून मगच ठरवा, आणि हिशोबात बसत नसेल तर दुसऱ्या दिवशी बोलवा.

आणखी एक अडचण फक्त तुमचीच आहे. औषध जास्त झाल्याची पहिली खूण म्हणजे ओठ आणि जीभ बधिर होणं. दातांच्या खुर्चीवर ते तर व्हायलाच हवं असतं! म्हणजे धोक्याची पहिली घंटा तुम्हाला ऐकूच येत नाही. तेव्हा पुढच्या खुणांवर लक्ष ठेवावं लागतं: तोंडात लोखंडी चव, कानात गुंईऽऽ, डोळ्यांना धूसर दिसणं, उगीच बडबड किंवा एकदम गप्प होणं, बोटं-पापण्या फडफडणं. मूल तोंडाने सांगणार नाही, ते नुसतं चिडेल किंवा झोपाळल्यासारखं होईल. शेजारी उभ्या आईला ‘शांत झालं बघा’ वाटेल. पुढे फिट, बेशुद्धी, श्वास थांबणं आणि हृदयाची लय बिघडणं. बहुतेकदा हे पाच मिनिटांच्या आत सुरू होतं, पण अर्ध्या तासानंतरही झालेलं आहे, म्हणून इंजेक्शन देऊन पेशंटला बाहेरच्या बाकड्यावर एकटं पाठवायचं नाही.

सुई शिरेत गेली तर मर्यादेच्या आतली मात्राही घात करते. खालच्या जबड्याच्या ब्लॉकमध्ये, म्हणजे तिथली नस बधिर करताना, सिरिंज मागे ओढली तर शंभरात दहा-पंधरा वेळा रक्त येतं, असं पाठ्यपुस्तकात दिलेलं आहे. मागे ओढून बघायला दोन सेकंद लागतात. एक मिलीला एक मिनिट, या वेगाने सोडावं. सोडताना पेशंटशी बोलत राहावं, मुलं किती, शेतात काय लावलंय, काहीही. बोलणारा माणूस मॉनिटरपेक्षा लवकर खबर देतो. ब्युपिव्हाकेनच्या बाबतीत मात्र तेवढ्यावरही विसंबू नका. त्यात कधी कधी काही न सांगता हृदयच आधी बिघडतं.

घरच्यांना दोन शब्द सांगायला आपण विसरतो तेही इथेच लिहिते. बधिर झालेला ओठ मूल गंमत म्हणून चावत बसतं आणि संध्याकाळी तो फुगून जखम झालेली असते. पालक म्हणतात, ‘इंजेक्शनची रिॲक्शन आली.’ तीन-चार तास ओठावर लक्ष ठेवा, गरम चहा-दूध देऊ नका, एवढं सांगितलं की पुरतं. तसंच घशात स्प्रे मारून एंडोस्कोपी केलेल्या माणसाला निदान तासभर पाणीसुद्धा द्यायचं नाही. घसा बधिर असताना पाणी श्वासनलिकेत जातं.

एवढं सगळं सांभाळूनही एखाद्याला झालंच, तर? औषध टोचणं थांबवा, मदतीला हाक मारा, ऑक्सिजन द्या, फिट आली असेल तर मिडाझोलामसारखं औषध द्या. हे सगळ्यांना ठाऊक असतं. यापुढची गोष्ट मात्र अजून सगळ्या गावांत पोचलेली नाही. 1998 मध्ये शिकागोत गाय वाइनबर्ग यांनी उंदरांवर दाखवलं की शिरेतून दिलेलं लिपिड इमल्शन ब्युपिव्हाकेनने बसणारं हृदय वाचवू शकतं. हे लिपिड म्हणजे आयसीयूत तोंडाने खाऊ न शकणाऱ्या रुग्णांना पोषण म्हणून लावतात ती सोयाबीन तेलाची पांढरी बाटली. 2006 साली न्यूयॉर्कमध्ये खांद्याच्या शस्त्रक्रियेसाठी नस बधिर केलेल्या एका रुग्णाचं हृदय थांबलं. सुमारे 20 मिनिटं नेहमीचे सगळे उपाय करून काही उपयोग होत नव्हता. शेवटी लिपिड दिलं आणि हृदय परत चालू झालं. आज जगभरातल्या भूलतज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये ते आहे. 20 टक्क्यांचं इमल्शन किलोमागे दीड मिली, दोन-तीन मिनिटांत. म्हणजे आपल्या पन्नास किलोच्या बाईला 75 मिली. मग मिनिटाला किलोमागे पाव मिलीने चालू ठेवायचं, एकूण किलोमागे 12 मिलीच्या वर जायचं नाही. हृदय थांबलं असेल तर छाती दाबणं चालूच ठेवायचं, बराच वेळ, आणि ॲड्रेनलिन नेहमीपेक्षा खूप कमी मात्रेत द्यायचं, एका वेळी किलोमागे 1 मायक्रोग्रॅमच्या आत. प्रोपोफॉल हे भुलीचं औषधही पांढरंच दिसतं म्हणून त्याने काम भागेल असं कोणी समजू नये. त्यात लिपिड पुरेसं नसतं आणि ते हृदयाला आणखी खाली खेचतं.

ही बाटली फ्रिजमध्ये ठेवावी लागत नाही. प्रत्येक दवाखान्याने घेणं जड जात असेल तर एका रस्त्यावरच्या पाच-सहा दवाखान्यांनी मिळून घ्या. फक्त ती कुठल्या कपाटात आहे आणि रात्री किल्ली कोणाकडे असते, हे सगळ्यांना माहीत हवं. एक्स्पायरी जवळ आली की मोठ्या हॉस्पिटलच्या आयसीयूला देऊन बदलून आणता येते.

मलमांबद्दल थोडक्यात. 2007 मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, म्हणजे एफडीएने, इशारा काढला होता. लेझरने केस काढण्याआधी पायांना बधिर करणारं मलम चोपडून वर प्लास्टिक गुंडाळल्याने 22 आणि 25 वर्षांच्या दोन तरुणी गेल्या. आपल्या गावांतही आता लेझरची आणि टॅटूची दुकानं झाली आहेत आणि तिथे डबीतून मलम निघतं, ज्याच्यावर टक्केवारी लिहिलेली नसते. तुमच्या ओळखीच्या पार्लरवाल्या ताईंशी एकदा बोला. दात येताना बाळाच्या हिरड्यांना चोळायला बधिर करणारं जेल लिहून देणाऱ्यांनीही थांबावं. 2014 मध्ये त्याच एफडीएने बाळांना आणि लहान मुलांना झालेल्या गंभीर त्रासाच्या 22 नोंदी तपासल्या, त्यात मृत्यूही होते, आणि या कामासाठी लिग्नोकेनचं द्रावण वापरू नका असा ठळक इशारा लेबलवर टाकायला लावला. बेन्झोकेन असलेल्या जेलने तर रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची ताकदच जाऊ शकते, बाळ निळं-करडं पडतं. हिरडीला स्वच्छ, गार, ओलं फडकं चावायला द्या म्हणावं.

आता संघटनांकडे माझं मागणं.

टेस्ट का करता, असं मी एका सर्जन मित्राला विचारलं. तो म्हणाला, ‘मॅडम, मला माहितेय तिचा उपयोग नाही. पण उद्या काही झालं तर पहिला प्रश्न येणार, टेस्ट केली होती का?’ त्याचं चुकत नाही. कोर्टाची टांगती तलवार असताना एकटा डॉक्टर ती ओळ खोडणार नाही. ते काम संघटनेनेच करायचं आहे. पूर्वी त्रास झाल्याचा इतिहास नसेल तर लिग्नोकेनची सरसकट टेस्ट गरजेची नाही आणि ती न करणं हा निष्काळजीपणा नाही, असं निवेदन लेखी, सह्यांनिशी, संघटनेच्या लेटरहेडवर काढा. सभासदांना ते केसपेपरला जोडता येईल असं काढा. भूलतज्ज्ञांच्या संघटनेचा त्याला पाठिंबा मिळवण्यासाठी धावपळ करायची माझी तयारी आहे.

आणि त्या ओळीच्या जागी दुसरी ओळ छापा: ‘वजन __ किलो, औषध __ टक्के, साधं की ॲड्रेनलिनसह, जास्तीत जास्त __ मिली, प्रत्यक्षात दिलं __ मिली, वेळ __.’ सुई टोचण्याआधी सिस्टरने तो आकडा मोठ्याने म्हणायचा. ट्रेमध्ये लागेल तेवढंच औषध काढून ठेवायचं, वायल बाजूला. साधी आणि ॲड्रेनलिनवाली वायल वेगवेगळ्या खणात ठेवायची. आपल्या छपाईवाल्याकडे फॉर्म बदलायला फारसा खर्च येत नाही, हे मी विचारून घेतलं आहे.

काही विपरीत घडलं तर ते लपवू नका, नोंदवा. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम 2010 मध्ये सुरू झाला आणि 2011 पासून तो गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगाकडून चालतो. 1800 180 3024 हा त्यांचा मोफत फोन आहे. डॉक्टरच नव्हे, पेशंटसुद्धा कळवू शकतो. कळवणाऱ्याचं नाव गुप्त राहतं. ‘झायलोकेनची रिॲक्शन’ एवढंच लिहू नका. किती वजनाला किती मिली दिलं, ॲड्रेनलिन होतं का, किती मिनिटांनी काय झालं, हे लिहा. त्याशिवाय ती नोंद कोणाच्या उपयोगाची नाही.

पुढच्या सीएमईत, म्हणजे डॉक्टरांच्या प्रशिक्षण सभेत, याला अर्धा तास द्या. औषध कंपनीचं प्रायोजकत्व नको, स्लाइड नकोत. सिस्टरना आणि कंपाउंडरनाही बोलवा, कारण वायल फोडणारे हात त्यांचे असतात. एक वजनकाटा, एक 30 मिलीची रिकामी वायल आणि एक लिपिडची बाटली टेबलावर ठेवा. बोलायला मी येते. तारीख कळवा, फक्त सोमवार नको, सोमवारी माझी ऑपरेशनांची लिस्ट संध्याकाळपर्यंत संपत नाही.

आपली,
तालुक्या-तालुक्यांत फिरणारी एक भूलतज्ज्ञ